रेतीतील ल्युपिन आणि आईचे वाल

सन २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात आम्हांस तीन आठवडे जर्मनीत राहण्याचा योग आला. आमच्या मेव्हण्यांचा मुलगा तेथे शिक्षणासाठी होता. त्याच्या आग्रहामुळे आम्ही गेलो. जाण्यापूर्वी मनात दोन गोष्टी होत्या. एक, त्या देशाच्या भूमीवर पाय ठेवताना जे वाटायचे ते वाटणारच होते. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. दुसरी गोष्ट अगदी साधी होती. बेर्शेबाच्या धुळीत आयुष्य काढलेल्या माणसाला युरोपचा हिरवागार उन्हाळा एकदा डोळे भरून पाहावयाचा होता.

तो हिरवा उन्हाळा आम्हांस दिसलाच नाही. हानोव्हरहून बर्लिनकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून दिसली ती करपलेली कुरणे, कमरेएवढ्या उंचीवरच वाळून गेलेला मका आणि मधूनमधून पाईनच्या झाडांच्या रांगा. बर्लिनच्या बागांतील गवत आमच्या नेगेवमधील मे महिन्याच्या गवतासारखे पिवळे पडले होते. १८८१ पासून तेथे हवामानाच्या पद्धतशीर नोंदी आहेत. त्या नोंदींत २०१८ हे तोपर्यंतचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. धान्याचे उत्पन्न घसरले, गुरांना वैरण पुरेना आणि शेतकऱ्यांना मदत देण्यासाठी केंद्र व राज्य सरकारांना मिळून ३४ कोटी युरोपर्यंतची तरतूद करावी लागली. पुढची दोन वर्षेही कोरडीच गेली.

वाचकहो, येथे पावसाचे आकडे सांगितले पाहिजेत, कारण आपल्या मनातील समजूत फारच चुकीची असते. आपल्या वाडवडिलांच्या अलिबाग परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बेर्शेबात सुमारे दोनशे. आणि जर्मनीच्या पूर्व भागात, हाले शहराच्या आसपास, जेमतेम पाचशे. हार्ट्झ पर्वताच्या आडोशामुळे ढग पलीकडेच रिते होतात. त्यातून आल्टमार्क आणि ब्रांडेनबुर्ग या प्रांतांची जमीन म्हणजे हिमयुगातील बर्फाने मागे टाकलेली रेती. पूर्वी लिहिल्यावर शाई टिपण्यासाठी कागदावर रेती भुरभुरवीत असत. त्या रेतीच्या डबीवरून ब्रांडेनबुर्गला थट्टेने साम्राज्याची रेतीची डबी असे नाव पडले होते. अशा जमिनीत पडलेले पाणी चाळणीतून जावे तसे खाली निघून जाते, आणि जाताना खतही धुऊन नेते.

या रेतीवर पीक कसे उभे करावे, या एका प्रश्नापायी त्या देशातील माणसांनी दोनशे वर्षे जी खटपट केली, ती आम्ही त्या तीन आठवड्यांत थोडी पाहिली आणि नंतर बरीचशी वाचली. आमच्या घरातल्या एका जुन्या कोड्याचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम घरातले कोडे. आमच्या आई १९६० च्या दशकात कोकणातून इस्राएलला आल्या तेव्हा त्यांच्या सामानात वालाच्या बियांची एक पुरचुंडी होती. (तेव्हा कोणी विचारले नाही, आज कोणी असे करू नये, बंदी आहे आणि ती योग्यच आहे.) रायगडकडे भात कापून झाले की खाचरातील उरल्या ओलीवर वाल पेरतात, त्याला पाण्याचा थेंबही द्यावा लागत नाही, आणि थंडीत शेंगा येतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. बिरड्याशिवाय आईंचे घर चालत नसे. पण बेर्शेबाच्या परसात वाल उगवून वीतभर होत, पाने पिवळी पडत आणि झाड तेथेच थांबून राही. कोणी म्हणे ऊन जास्त, कोणी म्हणे पाणी खारट. बाबांनी एका वर्षी अमोनियम सल्फेट घातले; पाने हिरवी झाली, वेल माजला, शेंगा मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. दर वर्षी पुरचुंडी हलकी होत गेली आणि शेवटी मूठभर बी उरले. आई ते पेरीनात आणि शिजवीनातही. डब्यात तसेच ठेवून देत.

आता रेतीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रांडेनबुर्गमधील म्योग्लिन या गावी आल्ब्रेख्त थेअर यांनी शेतीचे विद्यालय चालविले. वनस्पती जमिनीतील कुजलेला काळा अंश, म्हणजे ह्यूमस, हाच खातात असे त्यांचे मत होते. म्हणून शेणखत, चारापिके आणि पिकांची फेरपालट यांवर त्यांचा भर. पुढे १८४० साली युस्टुस फॉन लीबिग यांनी ग्रंथ लिहून हे मत मोडून काढले. वनस्पती ह्यूमस खात नाहीत. त्यांना क्षार, पाणी आणि हवा हवी, असे त्यांनी सांगितले. शास्त्र म्हणून लीबिग बरोबर होते. परंतु नत्र हवेतून पावसाबरोबर पुरेसे मिळते हा त्यांचा तर्क चुकला, आणि त्यांनी स्वतः तयार करविलेले खतही पाण्यात विरघळेनासे झाल्यामुळे फसले. उलट थेअर यांचे शास्त्र चुकले तरी त्यांची शेती चुकली नव्हती. वनस्पती ह्यूमस खात नसतील, पण ह्यूमस नसलेल्या रेतीत पाणी टिकत नाही आणि पाण्यावाचून क्षार मुळांपर्यंत पोहोचत नाहीत. आमच्या मते पंडितांच्या भांडणात शेतकऱ्याचे जे नुकसान झाले ते येथेच: पन्नास वर्षे लोक खताच्या पोत्याकडे पाहत राहिले आणि मातीकडे पाहावयाचे विसरले.

सगळेच मात्र विसरले नाहीत. १८५५ साली आल्बर्ट शुल्ट्स नावाच्या तरुणाने आल्टमार्कमधील लुपिट्स या गावची निकृष्ट रेताड जमीन विकत घेतली. आमची आगगाडी ज्या मार्गाने गेली त्याच्यापासून हे गाव फार दूर नाही. पुढे हा गृहस्थ इतका प्रसिद्ध झाला की गावाचे नाव त्याच्या आडनावास जोडले जाऊन तो शुल्ट्स-लुपिट्स झाला. त्याने आधी चुनखडीची माती, मार्ल, शेतात पसरली. काही वर्षे पीक चांगले आले आणि मग बसले. नंतर त्याने श्टासफुर्टच्या खाणीतील कायनिट हा पालाशयुक्त क्षार वापरून पाहिला, आणि स्फुरद दिले. रेतीत पालाशाची उणीव असतेच. शिवाय पालाशामुळे पानांवरील छिद्रे वेळेवर मिटतात व पाणी वाचते, हे आज आपल्याला माहीत आहे. राहिले नत्र. नत्राचे खत महाग होते. त्यासाठी त्याने ल्युपिन पेरले, आणि वर्षानुवर्षे त्याच शेतात नत्राचे कोणतेही खत न घालता ते जोमाने येत राहिले. त्याच्यानंतर घेतलेले राय आणि बटाटेही चांगले येत. तेव्हा त्याने पिकांचे सरळ दोन वर्ग केले: नत्र गोळा करणारी आणि नत्र खाणारी. १८८१ साली त्याने हे सर्व प्रसिद्ध केले. ल्युपिन नत्र कोठून आणते याचा उलगडा त्याला होत नव्हता, तरी शेत काय सांगते ते त्याने लिहून ठेवले.

उलगडा झाला तो बेर्नबुर्ग येथे. हेर्मान हेल्रीगेल हे मूळचे रेतीचेच अभ्यासक. ब्रांडेनबुर्गमधील डामे या गावी असताना त्यांनी कुंड्यांत रेती भरून, पाणी मोजून मोजून देऊन पिके वाढविली आणि दाखविले की जवाचा एक किलो कोरडा भाग तयार होण्यास पाणी तीनशे किलोंहून अधिक लागते. पाण्याच्या टंचाईचा विचार करणाऱ्याने हा आकडा पाठ करून ठेवावा. पुढे बेर्नबुर्ग येथे त्यांनी व त्यांचे सहकारी हेर्मान विल्फार्ट यांनी नत्ररहित रेतीत ओट आणि वाटाणे लावले. ओटाला जितके नत्र द्यावे तितकाच तो वाढे, चोख हिशेब. वाटाण्याचा हिशेब काही लागेना. एका कुंडीत रोप उपाशी मरे, शेजारच्या कुंडीत काही दिवस उपाशी राहून एकाएकी हिरवेगार होई. रेती तापवून निर्जंतुक केली की सर्वच वाटाणे उपाशी. त्यात शेतातील मातीचे थोडे पाणी ओतले की मुळांवर गाठी येत आणि रोप उठून उभे राही. मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र बांधतात हा निष्कर्ष हेल्रीगेल यांनी २० सप्टेंबर १८८६ रोजी बर्लिन येथील शास्त्रज्ञांच्या सभेत सांगितला. दोन वर्षांनी हॉलंडमधील बेयरिंक यांनी ते जिवाणू वेगळे काढून दाखविले.

या प्रयोगातील एक बारीकशी गोष्ट वाचताना आम्ही थबकलो. ज्या शेतात बीट पिकते तेथील मातीचे पाणी वाटाण्याला लागू पडले, ल्युपिनला पडले नाही. ल्युपिनला ल्युपिनच्या रेताड शेतातलीच माती लागली. म्हणजे प्रत्येक शेंगावर्गीय कुळाचे जिवाणू निराळे, आणि ते मातीत नसतील तर बी कितीही उत्तम असो, रोप उपाशीच राहणार.

आईंच्या वालाचे काय झाले होते ते आम्हांस त्या क्षणी कळले. आणि त्यानंतरची गोष्टही आठवली. आमच्या शेजारी तुनिसहून आलेल्या एक वृद्ध बाई राहत. त्या परसात दर उन्हाळ्यात लुबिया, म्हणजे आपली चवळी, लावीत. मुलांच्या हिब्रूवर दोघींचे संभाषण चाले. एके दिवशी त्यांनी आईंचे पिवळे वेल पाहिले, काही न बोलता घरी गेल्या आणि आपल्या चवळीच्या वाफ्यातील घमेलेभर माती आणून आईंच्या वाफ्यात मिसळली. त्यांच्या गावी असेच करतात, एवढेच स्पष्टीकरण. चवळीचे आणि वालाचे जिवाणू एकाच गटातले. बाईंना हे नाव ठाऊक नव्हते आणि आम्हांसही नव्हते. आईंनी डब्यातील उरलेल्या मुठीतले अर्धे बी त्या मातीत लावले. त्या वर्षी शब्बाथच्या जेवणाला वाल झाले नाहीत, कारण आलेले सर्व दाणे आईंनी बियाण्यासाठी राखले. पुढच्या वर्षी झाले.

असो. जर्मनीत हीच घमेल्याची युक्ती पुढे बाटलीत आली. फ्रीड्रिख नोब्बे आणि लोरेन्ट्स हिल्टनर यांनी १८९६ साली असे जिवाणू बियांस चोळण्यासाठी तयार केले आणि ते विक्रीस आले. हिल्टनर यांनीच १९०४ साली मुळाभोवतालच्या सजीव मातीला रायझोस्फिअर हे नाव दिले. त्यांच्या आधी, १८८५ साली, बर्लिनचे आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक यांनी झाडांच्या मुळांशी बुरशीची भागीदारी असते हे दाखविले. गंमत अशी की प्रशियाच्या सरकारने त्यांना ट्रफल ही महागडी खाण्याची बुरशी लागवडीने वाढविता येईल काय, एवढेच पाहावयास सांगितले होते. ट्रफलची लागवड राहिली बाजूला, आणि बुरशीचे तंतू मूळ जेथे शिरू शकत नाही अशा सूक्ष्म छिद्रांतून पाणी व स्फुरद झाडाला आणून देतात, या विद्येचा पाया घातला गेला. कोरड्या वर्षी या तंतूंचे मोल कळते. वरचेवर नांगरून आपण ते तोडीत असतो हेही लक्षात ठेवले पाहिजे.

नत्राची दुसरी वाट फ्रिट्स हाबर यांनी काढली. जन्माने यहुदी असलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली कार्ल्सरूहे येथे हवेतील नत्रापासून अमोनिया बनविला आणि १९१३ साली ओप्पाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. त्याच माणसाने युद्धात विषारी वायू वापरविला, १९३३ साली त्यालाच देश सोडावा लागला, आणि त्याचा ग्रंथसंग्रह शेवटी आपल्या रेहोवोतला आला. त्याच्या अमोनियावर आज जगातील कोट्यवधी लोक जेवतात. त्याला नावे ठेवण्याचा आमचा विचार नाही. परंतु तो नैसर्गिक वायूवर बनतो. २०२२ साली वायू महागला तेव्हा जर्मनीतील अमोनियाचे उत्पादन कमी करावे लागले आणि खताचे भाव कडाडले. ल्युपिनच्या मुळावरील गाठीला वायूची नळी लागत नाही.

मग जर्मनीभर ल्युपिन का नाही, असे आम्ही भाच्याला विचारले. उत्तर असे की ल्युपिन कडू. आपल्या इस्राएलच्या बाजारात जे खारवलेले पिवळे तुर्मुस मिळते ते हेच कूळ, आणि ते सात वेळा उकळल्यावाचून खाता येत नाही असे आपल्या तलमूदकारांनीही नमूद केले आहे. एला खोऱ्याजवळच्या टेकडीवर निळे रानटी तुर्मुस फुलते, ते पाहण्यास आपल्यापैकी पुष्कळ जण सहलीने गेलेच असतील. जर्मनीत म्युंखेबेर्ग येथील संस्थेत राइनहोल्ड फॉन झेंगबुश यांनी १९२८ च्या सुमारास असंख्य रोपे तपासून त्यांतून कडू नसलेली मोजकीच निवडली, आणि त्यांपासून गोड ल्युपिनचे वाण झाले. पण १९९० च्या दशकात एका बुरशीजन्य रोगाने पिवळ्या व पांढऱ्या ल्युपिनची दैना केली. शेतकरी अरुंद पानांच्या निळ्या ल्युपिनकडे वळले. आज पूर्वेकडील रेताड प्रांतांत ते थोडेफार दिसते. एक सावधगिरीची सूचना येथेच द्यावी: हे पिवळे ल्युपिन आम्लधर्मी रेतीचे पीक आहे, आणि नेगेवची माती चुनखडीची. ते येथे लावून पाहण्याचा उत्साह कोणी करू नये. आपल्याकडे बिकिया, हरभरा आणि फूल हेच काम करतात.

हाले शहरात एक शेत आहे, त्याला चिरंतन राय म्हणतात. यूलियुस क्यून यांनी १८७८ च्या शरदात तेथे राय पेरली, आणि त्या शेतात तेव्हापासून राय पेरली जात आहे. एका पट्ट्यास शेणखत, एकास रासायनिक खत, एकास काहीच नाही. काहीच न मिळालेला पट्टाही अद्याप धान्य देतो, थोडे का होईना. १९६१ साली शेताच्या एका भागात फेरपालट आली, पण मूळ प्रयोग थांबला नाही. मध्यंतरी दोन महायुद्धे झाली, राज्ये बदलली, देश दुभंगला आणि जुळला. जवळच बाड लाउखश्टेट येथे १९०२ पासून असाच दुसरा प्रयोग काळ्या मातीत चालू आहे. शेणखत व क्षारखत दोन्ही मिळालेल्या पट्ट्यांतील मातीत सेंद्रिय अंश स्पष्टपणे अधिक आहे. बर्लिनच्या दक्षिणेस ट्यूरो येथे १९३७ पासून निव्वळ रेतीवर प्रयोग आहे. तेथे ज्या पट्ट्यास चुना मिळाला नाही त्याची माती इतकी आंबट झाली की बाकीचे खत घालूनही पीक धड येईना. तीनही ठिकाणांहून एक गोष्ट दिसते, ती म्हणजे वेळ. मातीत सेंद्रिय अंश एका वर्षात वाढत नाही. तो वाढण्यास दशके लागतात, आणि खालावण्यासही.

बाड लाउखश्टेट येथेच २०१४ पासून आणखी एक प्रयोग चालू आहे. शेतावर सरकती छपरे उभारून काही पट्ट्यांवरील उन्हाळ्याचा पाऊस सुमारे पाचव्या हिश्शाने कमी करतात, वसंतात व शरदात थोडा वाढवितात, आणि रात्री छपरे मिटून जमिनीची ऊब राखतात. या शतकाच्या उत्तरार्धात तेथे जसे हवामान होईल असा अंदाज आहे, तसे ते आजच निर्माण करतात, आणि नांगरट, फेरपालट, कुरण यांपैकी काय तग धरते ते पाहतात. प्रयोग सुरू होऊन चार वर्षे झाली नाहीत तोच २०१८ आले. ते वर्ष छपराबाहेरच्या शेतांनाही चुकले नाही.

परतण्यापूर्वी एक दिवस आम्ही हानोव्हरजवळच्या आलेम येथे गेलो. १८९३ साली मोरिट्स आलेक्झांडर सिमोन या बँकव्यावसायिकाने तेथे यहुदी मुलांसाठी बागकामाची शाळा काढली. युरोपातील यहुद्यांना पिढ्यान् पिढ्या जमीन बाळगू दिली नव्हती. त्यांच्या मुलांनी फेरीवाल्याचे गाठोडे टाकून कुदळ उचलावी अशी त्यांची इच्छा होती. हे ऐकताना आम्हांस नवल वाटले, कारण आपल्या लोकांना कोकणात शेत, घाणा आणि घाण्याची पेंड यांची कधी वाण नव्हती. नारळाच्या मुळाशी पेंड घालण्यास कोणा शाळेने शिकविले नाही. आलेमच्या शाळेतून तयार झालेले कित्येक माळी पुढे एरेत्स इस्राएलमध्ये आले. मात्र १९४१ च्या डिसेंबरात नाझींनी त्याच शाळेचे आवार लोकांना गोळा करण्याचे ठिकाण केले. पहिल्या गाडीने १००१ माणसे रीगाला नेली गेली. युद्ध संपेपर्यंत दोन हजारांहून अधिक. आज तेथे स्मारक आहे. आम्ही नावे वाचीत बराच वेळ उभे होतो.

परत आल्यावर आम्ही परसात तीन गोष्टी केल्या. पालापाचोळा जाळणे बंद केले. कोकणात राब भाजतात, तो रोपाच्या वाफ्याला ठीक असेल. पण येथे आम्ही सवयीने सर्वच जाळीत होतो आणि मातीचे अन्न धुरात घालवीत होतो. आता तो पाचोळा वाफ्यावर पसरतो. त्यामुळे पाणी दिल्यावर जी कडक पापडी धरत असे ती धरत नाही आणि पाणी आत मुरते. हिवाळ्यात मोकळ्या वाफ्यात बिकिया पेरतो आणि फुलावर आली की कापून तेथेच टाकतो. आणि वालाचा वाफा बदलला की जुन्या वाफ्यातील घमेलेभर माती नव्यात नेतो. सेंद्रिय अंश किती वाढला हे आम्हांस विचारू नये. हालेच्या हिशेबाने आमची अजून सुरुवातही झालेली नाही.

आई आता नाहीत, आणि तुनिसच्या बाईही नाहीत. गेल्या हंगामाच्या शेवटी आम्ही वालाचा एक वेल मुळासकट उपटला आणि नातवाला दाखविला. मुळांवर हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान अशा गाठी होत्या. त्याने एक नखाने फोडली. ती आतून लालसर होती. म्हणजे ती काम करीत होती. बियांचा डबा यंदा काठोकाठ भरला आहे. ज्या कुटुंबांस हवे असतील त्यांनी येऊन मूठभर न्यावेत, आणि येताना मातीसाठी एक लहान भांडे आणावे.